मागे राहणारा पाय

रविवारी सकाळी सातच्या सुमारास शिवाजी पार्कात आलात तर कट्ट्यावर टाच टेकवून, कमरेत वाकून स्वतःच्याच पायाचा अंगठा धरायला धडपडणारी माणसं ओळीने दिसतील. धावून झालेलं असतं, मागे राहिलेल्यांची वाट बघणं चालू असतं, पुढे इडली-चहाचा बेत असतो. मीही त्या ओळीत असते, गप्पांसाठी. सगळ्यांचं लक्ष कट्ट्यावरच्या पायाकडे. खाली जमिनीवर उभा असलेला दुसरा पाय कोणाच्या खिजगणतीत नसतो. मला विचाराल तर धावणाऱ्यांची बरीचशी दुखणी त्या मागच्या पायातच जन्माला येतात.

मी ५२ वर्षांची. फोर्टातल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. परळहून सीएसएमटीची स्लो लोकल, मग दिवसभर खुर्ची, मग परत लोकल. चाळिशी उलटल्यावर धावायला लागले आणि अजून वीसेक वर्षं तरी धावायचा इरादा आहे. त्यामुळे टायमिंगपेक्षा मला सांध्यांचीच काळजी जास्त. आमच्या धावण्याच्या ग्रुपात नव्याने आलेल्या मुली 'ताई, मोबिलिटीसाठी, म्हणजे सांधे मोकळे हलावेत म्हणून, नेमकं काय करायचं?' असं विचारतात. दर वेळी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत लिहून कंटाळले, म्हणून हे एकदाच सविस्तर. मी डॉक्टर नाही. ग्रुपातल्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीचं ऐकून आणि स्वतःच्या अंगावर करून बघून जे पटलं तेवढंच इथे लिहिते आहे.

आधी धावताना होतं काय ते बघू. तासाभरात दहा किलोमीटर धावणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १७० पडतात. म्हणजे तासात दहा हजारांच्या आसपास, एकेका पायाच्या वाट्याला पाच हजार. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. पाऊल टेकल्यावर गुडघा बोटांच्या पुढे सरकतो, म्हणजे घोटा दुमडतो. मग टाच उचलते आणि अंगठा मागे वळतो. तोवर धड पुढे निघून गेलेलं असतं आणि मांडी कमरेच्या मागे राहिलेली असते. हे सगळं सेकंदाच्या पाव-एक भागात.

घोटा, अंगठा, जांघ. या तिघांपैकी एकाने अंग चोरलं की एकत्र कुटुंबात होतं तेच होतं: काम थांबत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडतं. घोटा दुमडला नाही तर पाऊल आत कलंडतं किंवा टाच वेळेआधीच उचलते. अंगठा वळला नाही तर पाऊल बाहेर फिरवून कडेकडेने सुटका करून घेतली जाते. जांघ उघडली नाही तर कंबर खोलगट होऊन ते अंतर भरून काढते. आणि ओरडतो कोण, तर ज्याच्या गळ्यात काम पडलं तो. गुडघा, पोटरी, कंबर. म्हणून दुखऱ्या जागेला मलम चोळत बसण्याआधी शेजारी कोण आळशी आहे ते बघावं.

घोट्याची परीक्षा घरात, भिंतीपाशी होते. अनवाणी उभं राहायचं, पाऊल भिंतीकडे सरळ, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागे घ्यायचं. टाच सुटायच्या अगदी आधीच्या जागेवर अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजायचं. दहा सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर धावण्यापुरतं उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन पायांतला फरक. तो दोन सेंटीमीटरच्या वर गेला तर कमी भरलेल्या पायाकडे लक्ष द्यायला हवं. आणि ताण कुठे जाणवतो तेही बघा. मागे पोटरीत ओढलं तर स्नायू आखडलेत, त्यावर काम करता येतं. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटलं तर अडचण सांध्यात आहे. तिथे जोर लावून काही मिळत नाही, जाणकाराला दाखवलेलं बरं.

मी हे पहिल्यांदा करत होते तेव्हा सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "भिंतीला गुडघे टेकवून कसला नवस फेडतेस गं?" मी त्यांनाही उभं केलं. त्या ७८ वर्षांच्या आहेत, जन्मात कधी धावलेल्या नाहीत, आणि त्यांचं अंतर माझ्याहून चांगलं ऐसपैस भरलं. आयुष्यभर उकिडवं बसून भांडी घासली, कपडे धुतले, मोरी स्वच्छ केली. त्या घोट्यांना आखडायला सवडच मिळाली नाही.

इथे आमच्या ग्रुपातल्या काकांचा आवडता सिद्धांत येतो: "आपण जमिनीवर बसणारी माणसं, आपल्याला ही मोबिलिटीची फॅडं कशाला?" अर्धं खरं आहे. उकिडवं बसण्याने घोटा मोकळा राहतो, शंकाच नाही. पण मांडी घाला, उकिडवं बसा, नाहीतर ऑफिसच्या खुर्चीत बसा, प्रत्येक वेळी मांडी पोटाच्या बाजूला दुमडलेली असते. धावताना ती उलट बाजूला, कमरेच्या मागे जायला हवी. जमिनीवर बसण्याने ती दिशा मिळत नाही. सासूबाईंच्या घोट्याला दहापैकी दहा, पण पलंगाच्या कडेवर झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला तर दुसरी मांडी गादीला टेकत नाही, वर तरंगत राहते. माझीही टेकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर काकांच्या घरातही आता कमोड आहे आणि जेवायला डायनिंग टेबल. तेव्हा घोट्याचे दहा गुणसुद्धा त्यांना मिळतील याची खात्री नाही.

जांघेसाठी मी एकच व्यायाम करते आणि तो नीट करते. एक गुडघा चटईवर, दुसरा पाय पुढे काटकोनात. आता पुढे झुकायची घाई करायची नाही. आधी टेकलेल्या बाजूचा नितंब घट्ट आवळायचा आणि शेपटीचं हाड खाली, किंचित आत घ्यायचं. एवढ्यानेच जांघेत पुढच्या बाजूला ताण यायला लागतो. मग दोन-चार इंच पुढे. तीस सेकंद, थोडा श्वास, परत तीस सेकंद. सूर्यनमस्कारात मागे पाय टाकतो तेव्हा हेच घडणं अपेक्षित असतं, पण घाईघाईने बारा घालताना बहुतेक जण कंबर वाकवून वेळ मारून नेतात. मान वर, छाती पुढे, फोटो छान, आणि जांघ होती तिथेच. बारा घालायच्या ऐवजी चार घाला, मागचा पाय टाकल्यावर दोन श्वास थांबा, आणि कंबर आत जातेय का ते हाताने चाचपा.

एवढ्याने भागत नाही. नुसती उघडलेली जांघ शरीर धावताना वापरतच नाही, कारण त्या टोकाला ताकद नसेल तर मेंदू तिथे जायचं टाळतो. म्हणून लगेच पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलायची, दुसरा गुडघा छातीशी धरून. आठ-दहा वेळा. मांडीच्या मागे पेटके आले तर समजायचं की नितंब झोपलेत आणि मांडी त्यांची हजेरी लावतेय. टाच थोडी जवळ घ्या.

घोट्याचंही तसंच. भिंतीशी गुडघा पुढे-मागे पंधरा वेळा करणं ही तयारी. खरं काम जिन्यावर. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर जायचं, मग एकाच पायावर भार घेत टाच तीन-चार सेकंदांत सावकाश पायरीच्या खाली न्यायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवला की पोटरीतला आतला, चपटा स्नायू कामाला लागतो, आणि धावताना सर्वांत जास्त भार झेलणाऱ्या स्नायूंपैकी तो एक आहे. हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदाने १९९८ मध्ये दुखऱ्या अकिलिस टेंडनसाठी, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या जाड पट्ट्यासाठी, हाच व्यायाम मांडला: पंधराचे तीन सेट, सरळ आणि वाकवलेल्या अशा दोन्ही गुडघ्यांनी, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते दुखण्यावरचं औषध. न दुखणाऱ्यांनी एक दिवसाआड बारा-बाराचे दोन सेट केले तरी पुरे. याने ताकद आणि लवचीकता दोन्ही मिळतात, म्हणून भिंत धरून पोटरी ताणत उभं राहण्यापेक्षा मला हे कितीतरी जास्त पटतं. एक मात्र सांभाळा. दुखणं टाचेच्या हाडाला टेंडन जिथे चिकटतो नेमकं तिथे असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. खाली नेल्याने तो भाग हाडावर दाबला जाऊन जास्त चिडतो.

आता अंगठा. याच्याविषयी कोणी बोलत नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यांचा बाप आहे. टाच उचलून अंगठा मागे वळला की तळव्याची जाड पट्टी त्याच्या सांध्याभोवती ओढली जाते, पायाची कमान वर येते आणि मऊ पाऊल क्षणात घट्ट होतं, ढकलायला तयार. हे गणित जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलं. उभं राहून हाताने स्वतःचा अंगठा वर ओढा, कमान उचललेली दिसेल. दिसली नाही, किंवा अंगठा उचलतच नाही, तर तिथपासून सुरुवात. जाड, पुढे गोलाई दिलेल्या तळाचे बूट हा दोष झाकतात, कारण अंगठ्याचं काम बूटच करतो. बूट वाईट नाहीत, मीही तेच घालते. पण घरात अनवाणी असताना अंगठ्याला काम द्यायला हवं.

वज्रासनात बसतो तसं बसायचं, फक्त पायाची बोटं गुडघ्यांच्या दिशेने वळवून जमिनीवर रोवायची आणि टाचांवर बसायचं. सुरुवातीला दहा सेकंदांत डोळ्यांत पाणी येतं. हात पुढे टेकून भार कमी करा आणि हळूहळू मिनिटभरापर्यंत जा. मग नॅपकिनची गुंडाळी बोटांखाली ठेवून, बोटं वर वळलेली असताना टाचा उचला, सावकाश वर, सावकाश खाली. शिवाय बाकीची चार बोटं जमिनीवर ठेवून एकटा अंगठा उचलायचा, नंतर अंगठा खाली ठेवून बाकीची चार उचलायची. माझ्या डाव्या पायाला हे कित्येक आठवडे कळतच नव्हतं, मी त्याच्याकडे बघून ओरडत होते. सासूबाईंची त्यावरची टिप्पणी इथे लिहीत नाही.

खुब्याचं फिरणं हा वेगळा विषय. मांडी घालून बसणाऱ्यांचा खुबा बाहेरच्या बाजूला छान फिरतो, आतल्या बाजूला मात्र अडतो. धावताना पायावर भार आला की मांडी थोडी आत वळते, म्हणजे ही दिशाही हवीच. जमिनीवर बसून एक पाय पुढे काटकोनात, दुसरा बाजूला काटकोनात, आणि हात मागे टेकून गुडघे एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचे. मी हे टीव्हीसमोर मालिका बघताना करते. ललिता बाबर आठवते? साताऱ्याच्या माण तालुक्यातली, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आलेली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर. अडथळ्यावरून जाताना पुढच्या पायाची ऐट दिसते, पण मागचा पाय कुशीतून वळवून आणता आला नाही की माणूस आपटलाच. आम्ही पार्कात दोन बॅगांवर काठी आडवी ठेवून नुसते चालत-चालत तो मागचा पाय वळवून आणतो. लोक हसतात. हसोत.

पाठीच्या वरच्या भागाचं थोडक्यात: कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात उलट बाजूला उघडायचा आणि नजर हाताबरोबर न्यायची, दोन्हीकडे आठ वेळा. दिवसभर स्क्रीनसमोर पोक काढून बसलेल्यांना याची गरज असतेच.

धावण्याआधी यातलं ताणून धरायचं काहीही नको. एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरला तर त्याची ताकद तात्पुरती थोडी उतरते. खांबाला धरून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, चालत लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत पुढे जाणं), घोटे गोल फिरवणं, मग दोन-तीन मिनिटं अगदी हळू जॉगिंग. बस. धावून झाल्यावर कट्ट्यावर ताणायचं तर ताणा, बरं वाटतं. पण त्याने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं फारसं कमी होत नाही, हे अभ्यासांत पुनःपुन्हा दिसलं आहे. स्नायूंखाली फिरवायच्या फोमच्या गुंडाळीचं, फोम रोलरचंही तसंच, पाच मिनिटं बरं वाटतं.

आता जे ऐकायला कोणाला आवडत नाही ते. मोबिलिटीने सगळं भागत नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपला की माणसं जागी होतात. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणारा एकदम चाळीसवर जातो आणि मग मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा दुखायला लागला की 'ताई, आयटी बँडला कुठला स्ट्रेच?' अशा दुखण्याला स्ट्रेच नाही, कॅलेंडर आहे. अचानक वाढवलेलं अंतर हे दुखापतीचं मोठं कारण, आणि टेंडन स्नायूंपेक्षा बऱ्याच सावकाश मजबूत होतात. दम वाढला म्हणून पाय तयार झाले असं होत नाही. त्यात हाफ आणि फुल दोन्हींच्या वाटेवर पाय थकल्यावर पेडर रोडचा चढ येतो. चढावर घोटा जास्त दुमडावा लागतो. तिथे जे टाचा न टेकवता चवड्यांवर टुकटुक करत जातात, त्यांच्या पोटऱ्या पुढे मरीन ड्राइव्हवर पेटके मागतात.

आणि आपले रस्ते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलात तर एक घोटा कायम आत कलंडलेला आणि दुसरा बाहेर. पार्काच्या फेऱ्यांनाही दिशा बदलत जा. पेव्हर ब्लॉकवर मात्र मी कुठल्याच दिशेने धावत नाही.

काही जणींना यातलं बरंचसं नकोच आहे. आमच्यातली एक योग शिकवते, उभ्याने वाकून तळवे जमिनीला टेकवते. तिला नितंबाखाली, बसायच्या हाडापाशी दुखायचं, खुर्चीत बसलं की जास्त. ती बिचारी रोज आणखी ताणायची. मांडीच्या मागचा टेंडन हाडाशी चिडलेला असताना ताणलं की तो आणखी दाबला जातो. फिजिओ मैत्रिणीने तिचं ताणणंच बंद करून वजन उचलायला लावलं. ज्यांचं अंग मुळात सैल आहे त्यांनी ताकदीवरच भर द्यावा. आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, रात्री ठणकत असेल, चालताना लंगडावं लागत असेल, तर हे पान बंद करा आणि डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, तो व्यायामाने जात नाही.

वेळेचं रडगाणं सगळ्यांचंच. पलंग आणि कपाटाच्या मध्ये चटई मावते एवढीच आमच्या घरात जागा, त्यामुळे वेगळा 'व्यायामाचा तास' वगैरे मी काढत नाही. टाचांचे व्यायाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. जांघ रात्री झोपायच्या आधी. अंगठा बँकेत, टेबलाखाली चपला काढून. शेजारच्या टेबलावरच्या पाटीलसाहेबांनी एकदा वाकून बघितलं, "मॅडम, पायाला मुंग्या आल्या का?" सांगितल्यावर तेही करायला लागले. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत कळ यायची ती बरीच कमी झाली म्हणतात. ते धावत नाहीत. म्हणजे, ८:१२ची लोकल सोडून.